टाकलेला खडा उचलत नाहीत

माझी नोकरी नेमकी कसली, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. आमचं घर तुळजापुरातलं, पूजाअर्चेतलं. त्यांच्या मैत्रिणींच्या सुना शिक्षिका, नाहीतर नर्स, नाहीतर तहसिलीत. कुणी माझ्याबद्दल विचारलंच तर सासूबाई सांगायच्या, "आमची सून चिंचोके घेऊन गावोगाव हिंडते. पगार मात्र वेळेवर होतो." यातलं दुसरं वाक्य खरं नव्हतं. पहिलं मात्र अगदी खरं होतं.

गावात करण्यासारखी कामं ढीगभर असतात आणि निधी येतो एखाद्या कामापुरता. मग आधी काय आणि नंतर काय, हे गावानं एकत्र बसून ठरवावं, असं शासन म्हणतं. ते ठरवायला गावाला मदत करणं ही माझी नोकरी. ठरवायचं नाही, मदत करायची. हा फरक समजायला मला काही वर्षं लागली. काही साहेबांना तो अजून समजायचा आहे.

पद्धत साधी आहे. सकाळी गावकऱ्यांबरोबर शिवारफेरी करायची, म्हणजे सगळं गाव पायी हिंडून बघायचं. मग देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा. तो मी काढायचा नाही, रांगोळी गावाच्या हातात द्यायची. मग जी कामं पुढं येतील त्यांची चित्रं मांडायची, कारण सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. आणि प्रत्येकाला मूठभर चिंचोके द्यायचे. ज्याला जे काम मोलाचं वाटतं, त्या चित्रापाशी त्यानं ते ठेवायचे. हात वर करा म्हटलं की माणूस आधी शेजाऱ्याचा हात बघतो. शिवाय भाषण ठोकणाऱ्याचा चिंचोका आणि तोंड न उघडणाऱ्या बाईचा चिंचोका, दोन्हींचं वजन सारखंच.

चिंचोक्यांवर येण्याआधी मी शेंगदाणे वापरून पाहिले होते. उमरग्याकडं एका गावात बैठक लांबली, चहा काही आला नाही, आणि मोजायची वेळ आली तेव्हा लोकांनी आपापली मतं खाऊन टाकलेली होती. एका आजोबांनी तर समोरच्या चित्रावरची दुसऱ्याची मतंही संपवली. तेव्हापासून चिंचोके.

ढोकीकडच्या एका गावानं मला दुसरा धडा दिला. तिथं बसल्या बसल्या एकमत झालं. सगळे चिंचोके एकाच चित्रावर. मी खुशीत परतले. मग कळलं की गावच्या पुढाऱ्यानं पहिला चिंचोका ठेवला होता आणि बाकीचे त्याच्या मागून गेले होते, ट्रॅक्टरमागून उसाच्या ट्रॉल्या जातात तसे. त्या दिवसापासून झटपट एकमत झालं की पहिला चिंचोका कुणाचा, हे मी आधी विचारते.

म्हणून मी दुसरी फेरी सुरू केली. पहिल्यांदा चिंचोके ठेवून झाले की मी म्हणायची, आता बघा, बोला, भांडा, आणि कुणाला वाटलं तर आपले चिंचोके उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवा. खरी गंमत या फेरीत असते. माणसाचं मन बदलताना डोळ्यांनी दिसतं. अशा किती फेऱ्या बघितल्या, पण त्याचं नवल कधी ओसरलं नाही.

आणखी एक नियम होता, स्वतःसाठी. आपला चिंचोका कधीही टाकायचा नाही. आपण संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार. तिथं राहणार ते लोक.

आता मुद्द्याचं सांगते. येरमाळ्यापासून जवळच एक गाव आहे. नाव सांगत नाही, गावाला ते आवडणार नाही. गावाच्या आणि धनगरवस्तीच्या मधून एक ओढा जातो. चैत्र संपत आला होता. शिवारफेरीत आम्ही ओढ्यापाशी आलो तेव्हा तो कोरडा ठक्क होता. माझ्याबरोबर वस्तीवरची चांगुणाबाई चालत होती. पन्नाशीची, उंच, बोलताना दुसरीकडं बघणारी.

"हितून पलीकडं आमची वस्ती," ती म्हणाली.

"पावसाळ्यात कसं करता?"

"पावसाळ्यात आमी तिकडचे."

मी थांबले. बाकीचे पुढं गेल्यावर तिनं सांगितलं. दोन पावसाळ्यांमागं तिची थोरली सून अडली होती. "सकाळधरनं कळा. ओढा काय उतरंना. खाटंवर घालून काठापस्तोर आणली, अन् बसलो हितंच, पाण्याकडं बघत. उतार पडला तवर लेकरू गेलं हुतं." ते सांगताना ती पायानं एक दगड सारखा उलटा-पालटा करत होती. "आता धाकटीला दिवस हायत. श्रावणात भरतेत."

"चांगुणाबाई, हे बैठकीत सांगा."

"सगळ्यास्नी ठावं हाय की. सांगायचं काय त्यात?"

परत आल्यावर चहा गणपतअण्णांकडं होता. सत्तरी कधीच ओलांडलेले, पण पाठ ताठ. गावात त्यांचा शब्द चाले. त्यांच्या मनात एकच काम होतं, मारुतीपुढं सभामंडप. हनुमान जयंतीला बाया चैत्राच्या उन्हात बसतात, डोक्यावर पदराशिवाय काही नाही. त्यांची पत्नी वारली त्याला वर्ष होत आलं होतं. "ती दरसाली म्हनायची, बायांपुरती तरी सावली करा ओ," अण्णा म्हणाले. "जन्मात तिनं मागितलेलं तेवढंच. म्या करतो करतो म्हनलं, अन् ती गेली." मी बशी खाली ठेवली. एकाच सकाळी दोन माणसांनी मला दोन कामं सांगितली होती, आणि त्या वर्षी होणार होतं एकच.

दुपारनंतर मारुतीपुढं गाव जमलं. आणि माझ्या लक्षात आलं की चिंचोक्यांची पिशवी कळंबच्या गाडीत राहिली. मी म्हटलं, हरकत नाही, सारख्या आकाराचे खडे आणा. बाया ओढ्याकडं गेल्या आणि ओटीत भरून पांढरे खडे घेऊन आल्या. चुनखडीचे, गुळगुळीत. चित्रं वाऱ्यानं उडत होती म्हणून चांगुणाबाईच्या माणसांनी बसायला आणलेलं भलं मोठं काळं घोंगडं आम्ही मधोमध अंथरलं आणि त्यावर चार चित्रं दगड ठेवून मांडली. सभामंडप, वेशीपासूनचा सिमेंटचा रस्ता, स्मशानातलं शेड आणि ओढ्यावरचा पूल. काळ्या घोंगड्यावर पांढरे खडे काय सुरेख दिसतील, असा विचार करून मी स्वतःवरच खूश झाले.

पहिली फेरी छान झाली. कुणी ढकलाढकली केली नाही. एकेक जण पुढं येई, खडा कपाळाला लावी आणि ठेवी. मला वाटलं, लोकशाही किती खोल रुजलीय.

झाल्यावर बघितलं तर मंडपाचा ढीग सगळ्यात मोठा. रस्त्याचा मध्यम. शेडचा बेताचा. पुलापाशी वस्तीवरच्या माणसांचे तेवढे खडे. वस्ती ती केवढीशी, आणि तिचे खडे ते कितीसे असणार?

ग्रामसेवकांनी घड्याळ बघितलं. "झालं की, मॅडम. सभामंडप लिहू?"

"थांबा," मी म्हटलं. "आता दुसरी फेरी." आणि नेहमीसारखं सांगितलं, की बोला, विचार करा, आणि वाटलं तर खडे उचलून दुसरीकडं ठेवा.

कुणी हललं नाही. मी पुन्हा सांगितलं. लोक खाली बघायला लागले. मला वाटलं, हट्टाला पेटलेत. मी तिसऱ्यांदा, जरा आवाज चढवून सांगितलं, तेव्हा पुढं बसलेल्या एका म्हातारीनं तोंडावर हात ठेवला.

"ओ मॅडम, काय बोलायलाव? टाकलेला खडा कुणी उचलतंय व्हय?"

मग माझी ट्यूब पेटली. येरमाळ्याची यात्रा होऊन थोडेच दिवस झाले होते. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रानात अलोट गर्दी लोटते. प्रत्येक माणूस चुनखडीचे खडे वेचतो आणि देवीच्या नावानं टाकतो. त्याचा ढीग होतो आणि तो चुना देवळाला लागतो. हे मला माहीत का नव्हतं? होतं. पण आम्ही तुळजापूरचे, आमची देवी वेगळी, त्या रानात मी कधी वाकले नव्हते. या लोकांसाठी पांढरा खडा हे मत नव्हतं, ते दान होतं. आणि दिलेलं दान परत घ्या, असं मी त्यांना ओरडून सांगत होते. चिंचोके असते तर हे झालं नसतं. चिंचोके कळंबच्या गाडीत होते.

माझी दुसरी फेरी मीच बुडवली होती. चांगुणाबाई घोंगड्याच्या कडेला मान खाली घालून बसली होती. तिची सकाळची गोष्ट माझ्या अगदी ओठावर आली. पण ती तिची गोष्ट होती, आणि ती सांगून पारडं फिरवणं हे माझं काम नव्हतं. एवढी असहाय मी त्या नोकरीत क्वचितच झाले असेन.

तेवढ्यात गणपतअण्णा बोलले, सावकाश.

"खडा उचलायचा न्हाय, हे खरं हाय. पर रानात ढीग किती असतेत?"

"एकच की," दोघंतिघं म्हणाले.

"मग हितं चार कसे झाले?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडमनं मांडले," कुणीतरी म्हणालं, आणि सगळं गाव हसलं. मीही हसले. खरंच होतं ते. चार चित्रं लांब लांब मीच ठेवली होती.

"एकच करायचा तर मोठा ढीग मंडपाचाच हाय," मागून एक तरुण म्हणाला. "बाकीचे त्यातच घाला."

बिनतोड होतं. अण्णा मंडपाच्या चित्राकडं बघत राहिले. मग मान वळवून, भर सभेत, त्यांनी विचारलं, "चांगुणा, धाकटीला कितवा?"

चांगुणाबाईनं पदर तोंडाशी नेला. "पाचवा लागलाय, अण्णा."

झालं. एवढंच. दोन पावसाळे सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणीच न बोललेली गोष्ट एका प्रश्नानं घोंगड्यावर येऊन बसली.

अण्णा उठले. गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि मंडपाचं चित्र उचललं. खड्यांना हात लावला नाही, चित्र उचललं. नीट घडी घालून पैरणीच्या खिशात ठेवलं. मग मागून बोललेला तो तरुण, त्याचे खडे रस्त्याच्या चित्रापाशी होते, पुढं आला आणि कुणाकडं न बघता रस्त्याचं चित्र घेऊन गेला. शेडचं चित्र त्या म्हातारीनं काढलं. "मेल्यावर मानूस भिजलं काय अन् सुकलं काय," ती म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले, काहीजण डोळे पुसत.

"धरा रे कोपरे," अण्णा म्हणाले.

चौघांनी घोंगड्याचे चार कोपरे धरले आणि अलगद उचलले. खडे खळखळत मधे आले. चार ढिगांचा एक ढीग झाला, कुणीही एक खडा न उचलता. अण्णांनी पुलाचं चित्र त्यावर ठेवलं.

किती प्रशिक्षणं मी घेतली, किती दिली. पण आपलं मत मागं न घेता एकमत कसं करायचं, हे कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं. ते त्या माणसांनी माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच चुकीतून उभं केलं.

तरी ढोकी माझ्या डोक्यातून जाईना. मी त्या म्हातारीजवळ जाऊन हळूच विचारलं, "आजी, अण्णा म्हणाले म्हणून का तुम्ही चित्र काढलंत?"

"अण्णानं काय नवं सांगितलं?" ती म्हणाली. "आमच्याच तोंडात हुतं, त्यांनी भाईर काढलं."

ग्रामसेवक पूल लिहायला लागले. आणि मला एक वाईट बातमी द्यावी लागली. आज ठरलं, तरी मंजुरी, अंदाजपत्रक, हे ते करता करता काम दिवाळीनंतरच लागणार. पावसाळ्याआधी पूल होणार नव्हता. चांगुणाबाईचा चेहरा पडला. मला त्या कागदांची मनापासून लाज वाटली.

"कागुद थांबंल," अण्णा म्हणाले. "पोरीचं पोट थांबंल का? आखाड लागला की तिला हिकडं आणा. आमची आतली खोली हिच्या माघारी रिकामीच हाय."

सभामंडप ज्या बाईसाठी हवा होता, तिचीच खोली. हे कळायला मला क्षणभर लागलं. गावाला लागलं नाही.

सगळे उठायला लागले तेव्हा अण्णांनी बायांच्या ओटीत उरलेला एक खडा माझ्यापुढं धरला. "मॅडम, तुमचा?"

"आमच्यात चालत नाही, अण्णा. आम्ही टाकायचा नसतो."

"असं व्हय?" त्यांनी आग्रह केला नाही. तो खडा त्यांनी मारुतीच्या कोनाड्यात ठेवून दिला. "मग तुमच्या नावचा हितं असू द्या."

श्रावणात चांगुणाबाईचा फोन आला. मागं पावसाचा एवढा आवाज की तिला ओरडावं लागत होतं. "मॅडम, नात झाली! ओढ्याला लई पानी हाय, पर आमी अल्याड हाव!" मी स्वयंपाकघरात उभी होते. गॅस बंद केला आणि तिथंच खाली बसले. सासूबाईंनी घाबरून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, नात झाली. कुणाला, हे त्यांना समजावता समजावता संध्याकाळ झाली.

पूल रखडायचा तेवढा रखडला. थंडी सरता सरता काम लागलं, आणि त्याआधीच मी निवृत्त झाले. सभामंडपाचं विचाराल तर तो अजून झालेला नाही. प्रत्येक आराखड्यात नाव असतं, आणि काहीतरी जास्त निकडीचं निघतं. याची रुखरुख मला आहे, अण्णांना आहे की नाही ते सांगत नाहीत. चित्र मात्र त्यांच्यापाशी आहे, घडीवर विरलेलं. हनुमान जयंतीला आता पुलावरून वस्तीची माणसं खांद्यावर घोंगडी टाकून येतात आणि ती बांबूंवर ताणून बांधतात. बाया त्याखाली बसतात. मी एकदा जाऊन बसले. लोकरीचा वास येतो, पण सावली दाट पडते.

मला शेवटी सांगायचंय ते पाया भरला त्या दिवसाचं. अण्णांनी निरोप धाडून बोलावलं होतं. मी गेले तेव्हा ओढ्यात खड्डे खणून तयार होते आणि गाव दोन्ही काठांवर उभं होतं. चौघांनी तेच काळं घोंगडं कोपऱ्यांना धरून आणलं. इतके महिने तो ढीग मारुतीच्या देवळात होता तसा ठेवला होता. घोंगडं तिरकं केलं आणि सगळे खडे खड्ड्यात गेले. ठेकेदाराचा माणूस काँक्रीटचं घमेलं घेऊन बघत राहिला.

मग चांगुणाबाई माझ्यापुढं आली. कडेवर नात होती, हातातल्या बिस्किटाचा चुरा आजीच्या खांद्यावर सांडणारी. चांगुणाबाईनं मूठ उघडली. कोनाड्यातला खडा.

"चांगुणाबाई, अहो, मी सांगितलं होतं ना—"

"तवा नोकरी हुती," ती म्हणाली. या वेळी ती माझ्याकडं सरळ बघत होती. "आता रिटायर झालाव. आता चालतंय."

मी खडा घेतला. तिच्या हातात असल्यामुळं तो कोमट झाला होता. इतकी वर्षं लोकांना ठरवायला बसवलं आणि मी कडेला उभी राहिले. माझी जागा तीच होती, आणि तिचं मला कधी वाईटही वाटलं नाही. पण हात आपोआप कपाळाकडं गेला. मी खडा कपाळाला लावला आणि टाकला.

मग वाकून खड्ड्यात बघितलं. माझा कुठला, ते ओळखू येत नव्हतं.